मास्तरांचा डावा हात

लग्नानंतरचे पहिले आठ दिवस मास्तरीणबाईंची पक्की समजूत होती, की आपल्या गळ्यात मुका नवरा बांधला आहे. लग्न ठरवताना सगळे बोलणे थोरल्या दिरांनी केले होते आणि नवरामुलगा बाजूला बसून स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होता. तेव्हा वाटले, लाजतो आहे. घरी आल्यावर कळले, की हे लाजणे नव्हे, हा स्वभाव आहे. जेवण कसे झाले विचारले तर "हं", उद्या किती वाजता निघायचे विचारले तर "बघू". हा माणूस बाहुल्या नाचवून, गोष्टी सांगून पोट भरतो असे सासरच्यांनी सांगितले होते. ही उघड फसवणूक आहे, असे वाटून त्यांनी मनातल्या मनात माहेरची पिशवी भरायला घेतली होती.

नवव्या दिवशी त्या धुतलेले कपडे वाळत घालत होत्या. नवऱ्याने सहज एक मोजा उचलून डाव्या हातावर चढवला. मोज्याने तोंड उघडले आणि नाकातून, बुळबुळीत आवाजात तो म्हणाला, "खिक् खिक्! बाई, कालच्या भाजीत मीठ दोनदा पडलं होतं."

बाईंच्या हातून बादली सुटली. हसून हसून त्या ओल्या फरशीवरच बसल्या. हसू ओसरल्यावर त्यांच्या ध्यानात आले, की भाजीत मीठ खरेच दोनदा पडले होते आणि नवऱ्याने ती निमूटपणे ताट चाटून संपवली होती. त्या हुशार होत्या. त्यांनी तोच मोजा काढून त्याच्या उजव्या हातावर चढवला आणि विचारले, "आता सांगा, भाजी कशी झाली होती?"

"उत्तम हो, उत्तम," मोजा भारदस्त, मायाळू आवाजात म्हणाला. "तुमच्या हाताला चव आहे."

तेव्हापासून त्या घरात खरे काय ते विचारायचे झाले, की मास्तरीणबाई मोजा शोधत. नवीन कपडा अंगावर कसा दिसतो, नणंद पाठीमागे काय म्हणाली, डॉक्टरांनी नक्की काय सांगितले, सगळे डाव्या हाताला विचारायचे. मन राखून घ्यायचे असेल तेव्हा उजवा हात होताच. आणि दोन्ही हात रिकामे असले, की मास्तर पुन्हा "हं" आणि "बघू"वर येत. इतक्या वर्षांत रिकाम्या हातांनी त्यांनी एक अख्खे वाक्य बोललेले बाईंना आठवत नव्हते. दोघांना मूलबाळ नव्हते, त्यामुळे घरात जे काही बोलणे होई ते या दोन मोज्यांचेच.

यात जादू काही नव्हती. मास्तर ज्यांच्याकडे ही विद्या शिकले, त्या थोरल्या बाहुलीवाल्यांचा दंडक होता: उजव्या हातावर सज्जन, डाव्या हातावर भामटे. राजा, डॉक्टर, म्हातारी, शाळेतल्या बाई हे सगळे उजवीकडे. चोर, लांडगा, खोटारडा व्यापारी, दुष्ट मावशी डावीकडे. पडद्यामागे उभे राहून दोन्ही हात डोक्यावर धरायचे, दोन जीव एकाच वेळी नाचवायचे, वर दोघांचे भांडण एकाच तोंडाने चालवायचे, म्हणजे डोक्याचा गोंधळ व्हायला एक क्षण पुरतो. म्हणून हात ठरलेले. "मरेपर्यंत हात बदलायचा नाही," असे थोरले बाहुलीवाले सांगत, आणि त्यांनी स्वतः तो मरेपर्यंत बदलला नाही. मास्तर आज्ञाधारक शिष्य. त्यांनीही बदलला नाही. त्यामुळे आवाज आपण बाहुलीला देतो की हाताला, हे तपासून बघायची वेळच त्यांच्यावर आली नव्हती.

सव्वीस वर्षे मास्तर बाहुल्यांची पत्र्याची ट्रंक घेऊन गावभर हिंडले. शाळा, इस्पितळे, वाचनालये, वाढदिवस, दुकानांची उद्घाटने. गोष्ट कोणालाच नको असते, गोष्टीच्या पोटात घालून दिलेले काहीतरी हवे असते, हे त्यांना फार लवकर कळले. दंतमंजन विकणाऱ्याने लांडग्याला दात घासायला लावले. दात घासलेला लांडगा शेळीला न खाता निघून गेला, आणि सगळी पोरे हिरमुसून घरी गेली. विमावाल्यांना गोष्टीत राजा मरायला हवा होता, पण प्रसन्न चेहऱ्याने. एका बागेच्या व्यवस्थापकांनी तर चोराला फुले तोडताना दाखवा म्हणून सांगितले आणि प्रयोगानंतर तक्रार केली, की चोर इतका मजेदार झाला, की मुलांनी घरी जाता जाता निम्मी बाग तोडली. मास्तर सगळ्यांना "हं" म्हणत. पडद्यामागे गेले, की डावा हात त्यांना जे म्हणायचे ते म्हणून टाकी, लोक पोट धरून हसत, आणि ज्याची टर उडवली तोच पुढे येऊन टाळ्या वाजवी, कारण ते सारे चोर बोलला होता. चोराचे बोलणे कोण मनावर घेतो?

तर अशा या मास्तरांना वयाची चोपन्न वर्षे उलटल्यावर कायम होण्याची संधी आली.

जनजागृती कचेरीत बाहुलीकाराची एक जागा होती. ती गेली एकोणीस वर्षे रिकामी होती, आणि त्या एकोणीस वर्षांत तिचे काम रोजंदारीवर मास्तरच करत होते. आता कोणा वरिष्ठाच्या मनात आले, की जागा भरावी. वयाची अट पंचावन्न. मास्तरांना पंचावन्न पुरी व्हायला चार महिने होते. म्हणजे ही पहिली संधी, आणि शेवटचीही.

मास्तरांना कायम होण्याचे फारसे कौतुक नव्हते. कौतुक होते मास्तरीणबाईंना, आणि तेही एकाच गोष्टीसाठी. कायम नोकराला कचेरीच्या आवारात दोन खोल्यांचे क्वार्टर मिळे आणि त्या क्वार्टरच्या स्वयंपाकघराला खिडकी होती. सध्या ही दोघे भाड्याच्या एका खोलीत राहत. खोलीत पलंग, ट्रंक, घडी घालून उभा केलेला पडदा आणि कोपऱ्यात ओटा. ओट्यासमोर भिंत. मास्तरीणबाईंनी सव्वीस वर्षे त्या भिंतीकडे तोंड करून स्वयंपाक केला होता. भिंतीवरचा ओलीचा डाग आधी बदकासारखा होता, मग हळूहळू त्याला पाय फुटून त्याचा घोडा झाला, हे सगळे त्यांनी डोळ्यांदेखत पाहिले होते. कचेरीतल्या लिपिकाच्या बायकोशी ओळख काढून त्या एकदा क्वार्टर बघून आल्या. खिडकीतून सायकलींचा तळ दिसत होता. पलीकडे एक पत्र्याची शेड. पण दिसत होते. माणसे सायकली लावत होती, काढत होती, एकाची साखळी निसटली होती. बाई अर्धा तास तिथे उभ्या राहिल्या. घरी येऊन त्यांनी मास्तरांच्या डाव्या हातात मोजा घातला आणि विचारले, "मिळेल का हो?"

"खिक् खिक्! तुझ्या नवऱ्यानं तिथं तोंड उघडलं नाही तर नक्की मिळेल," मोजा म्हणाला.

निवडीसाठी एक चाचणी प्रयोग ठरला. कचेरीचे सगळे लोक सहकुटुंब बघायला येणार. गोष्ट कचेरीचीच, नाव "तत्पर साहेब", आणि लेखक खुद्द मोठे साहेब. मोठे साहेब हे त्या कचेरीचे प्रमुख. त्यांनी आयुष्यात एकच गोष्ट लिहिली होती आणि ती ते अजून सुधारत होते. कथानक असे: एक गरीब नागरिक कचेरीत येतो. साहेब उठून उभे राहतात, त्याला खुर्ची देतात, त्याचे काम त्याच दिवशी करतात. नागरिक कृतज्ञतेने भेटवस्तू देऊ करतो. साहेब ती नाकारतात आणि पंधरा मिनिटे भाषण करतात. चोर नाही, लांडगा नाही. डाव्या हाताला कामच नाही. मास्तरांनी एक नवी बाहुली केली: गोरटेला चेहरा, कोरलेल्या भुवया, काळा कोट. तिला सगळे साहेब म्हणू लागले.

प्रयोगाच्या सकाळी ट्रंक घेऊन जिना उतरताना मास्तरांचा पाय घसरला. ट्रंक वाचली, उजवा खांदा गेला. हाड मोडले नव्हते, पण हात छातीच्या वर उचलेना. बाईंनी तो गळपट्टीत बांधला. बाहुलीकाराचा हात छातीच्या वर जात नसेल तर प्रेक्षकांना नुसता पडदा दिसतो.

"आजार कळवू का?" बाईंनी विचारले. "दुसरा दिवस देतील."

मास्तर म्हणाले, "बघू."

पण कचेरीने एकोणीस वर्षे घालवून हा एक दिवस ठरवला होता, दुसरा ठरवायला किती लागली असती याचा अंदाज दोघांना होता. शिवाय गोष्ट सोपी होती. एका वेळी एकच जण बोलतो. नागरिक खाली ठेवायचा, साहेब वर करायचा. डाव्या हाताने सगळे होण्यासारखे होते. बाहुली साहेबाची, संवाद साहेबाचे, पोशाख साहेबाचा. हात कुठला, हे कोण बघतो?

कचेरीच्या सभागृहात दोनशे माणसे बसली. पुढच्या रांगेत मोठे साहेब, शेजारी त्यांच्या सौभाग्यवती. पडद्याच्या फटीजवळ स्टुलावर मास्तरीणबाई, बाहुल्या हातात द्यायला. सुरुवातीला मास्तरांनी नागरिक वर केला. गरीब नागरिक नाकातून म्हणाला, "साहेब, माझं एक काम होतं हो." एक-दोघे हसले. बाईंच्या कपाळावर आठी पडली. मग साहेब डाव्या हातावर चढले, काळा कोट सावरत पडद्यावर आले, सभागृहाकडे वळून त्यांनी मान लववली आणि तोंड उघडले.

"खिक् खिक्! या, या. बसा. तुमचं काम म्हणजे माझंच काम."

मग मागच्या रांगेतून एक हुंदक्यासारखा आवाज आला. तो जुना लिपिक होता; त्याने हसू दाबायला फाईल तोंडात धरली होती.

मास्तरांना घाम फुटला. त्यांनी घसा खाकरून साहेबांचा भारदस्त आवाज काढायचा प्रयत्न केला. आवाज तयार होता, उजव्या खांद्यापाशी गळपट्टीत बसून होता, तिथून हलेना. डाव्या हाताने साहेबांचे तोंड उघडले, की चोरच बोलत होता. "आजच्या आज होईल बरं का," साहेब बुळबुळीत आवाजात म्हणाले. "आमच्याकडे उद्या हा शब्दच नाही." सभागृहात हास्याचा लोट उठला. शब्द एकही बदललेला नव्हता. मोठ्या साहेबांनी लिहिलेले प्रत्येक वाक्य जसेच्या तसे होते. तरी शिपाई एकमेकांच्या खांद्यावर डोकी टेकून रडत होते, बायका तोंडाला रुमाल लावत होत्या. भेटवस्तूचा प्रसंग आला. नागरिकाने पुडके ठेवले. साहेबांनी पुडक्याकडे पाहिले, सभागृहाकडे पाहिले, परत पुडक्याकडे पाहिले आणि म्हणाले, "नको, नको. आम्ही असलं काही घेत नाही."

यानंतरची पंधरा मिनिटे भाषणाची होती. त्यातले पहिले वाक्य सोडून कोणाला काही ऐकू आले नाही.

मोठे साहेब आधी खूश झाले होते. आपल्या लेखनाला एवढी दाद मिळेल असे त्यांना वाटले नव्हते. ते मागे वळून सगळ्यांकडे बघत मान डोलावत होते. शेवटी सौभाग्यवतींनी डोळे पुसत त्यांच्या कानात सांगितले, "अहो, अगदी हुबेहूब तुम्हीच." तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. ते उठून गेले आणि त्यांच्यामागोमाग पहिली रांग उठली. मागच्या रांगा मात्र टाळ्या वाजवत राहिल्या.

तिसऱ्या दिवशी नोटीस आली. "आपण शासकीय बाहुलीच्या तोंडी अशोभनीय स्वर घातल्याने कचेरीची प्रतिमा मलिन झाली असून याबाबत आपला खुलासा सादर करावा." साहेबांची बाहुली कचेरीने पुरावा म्हणून ठेवून घेतली होती. खुलासा मास्तरीणबाईंनी लिहिला, कारण मास्तरांचा उजवा हात अजून गळपट्टीत होता आणि डाव्याला विचारण्याची सोय नव्हती. त्यांनी जे होते ते सरळ लिहिले: माझ्या पतींचे सज्जन उजव्या हातात आणि भामटे डाव्या हातात असतात, त्या दिवशी उजवा दुखत होता. कचेरीने यावर डॉक्टरांचा दाखला मागवला. डॉक्टरांनी दाखला दिला, की खांद्याला लचक आहे, वाचा शाबूत आहे, डाव्या हाताच्या नीतिमत्तेबाबत वैद्यकशास्त्र काही सांगू शकत नाही.

खांदा बरा झाला आणि चौकशी समितीपुढे हजर राहण्याचा दिवस आला. मास्तरीणबाई बरोबर गेल्या, पण त्यांना दाराबाहेरच्या बाकावर बसवले. दाराच्या वर जाळी होती, त्यामुळे आतले शब्दन् शब्द बाहेर येत होते. कचेरीतल्या सगळ्या गुप्त बैठका त्याच खोलीत होत असत.

समितीत तिघे. अध्यक्ष मोठे साहेब. दुसऱ्या कायदा सल्लागार बाई, ज्यांनी ती नोटीस लिहिली होती. तिसरे कला सल्लागार. ते पूर्वी वजनेमापे तपासत, तिथून बदली होऊन कलेत आले होते आणि कुठलीही कलाकृती समोर आली, की ती दोन्ही हातांनी उचलून बघत.

"मास्तर, प्रश्न सरळ आहे," मोठे साहेब म्हणाले. "तो आवाज तुमचा की बाहुलीचा?"

मास्तरांचे दोन्ही हात रिकामे होते. "हं," ते म्हणाले.

"‘हं’ म्हणजे बाहुलीचा, असं नोंदवू का?" सल्लागार बाईंनी विचारले.

"बघू."

"हे असहकार्य आहे," मोठे साहेब म्हणाले.

बाहेरून मास्तरीणबाईंनी जाळीकडे तोंड करून सांगितले, "साहेब, त्यांच्या हातात काहीतरी द्या. त्याशिवाय ते बोलत नाहीत."

समितीने एकमेकांकडे पाहिले. शेवटी पुराव्याचे पाकीट फोडून साहेबांची बाहुली मास्तरांना देण्यात आली. त्यांनी ती उजव्या हातावर चढवली, आणि खोलीत असा काही मायाळू, भारदस्त, निर्मळ आवाज घुमला, की दारातला शिपाई ताठ उभा राहिला. "या, बसा. तुमचं काम म्हणजे माझंच काम." मोठ्या साहेबांचे डोळे पाणावले. आपण असेच आहोत, असे त्यांना नेहमी वाटत आले होते.

"आता डावा," कला सल्लागार म्हणाले.

बाहुली डाव्या हातावर गेली. "खिक् खिक्! तुमचं काम म्हणजे माझंच काम."

सल्लागार बाईंना ठसका लागला. त्यांनी पाणी घेतले आणि खात्रीसाठी म्हणून चष्म्याचे घर मास्तरांच्या डाव्या हातात दिले. चष्म्याचे घर उघडझाप करत चोराच्या आवाजात बोलले. उजव्या हातात दिले तेव्हा तेच घर एखाद्या पोक्त बाईसारखे सर्वांची विचारपूस करू लागले. मग समितीला चेव आला. पाकीट देऊन झाले, फडके देऊन झाले. सल्लागार बाईंनी आपली नोटीस डाव्या हाताला वाचायला लावली. "आपला खुलासा सादर करावा, खिक् खिक्," ऐकून त्या टेबलावर डोके ठेवून हसल्या. मोठे साहेबसुद्धा ढेरी सावरत हसत होते. मग कला सल्लागार उत्साहाच्या भरात म्हणाले, "साहेब, तुमचं मागच्या वर्षीचं भाषण इथं कपाटात आहे. ते देऊ का?"

हसणे थांबले. मोठ्या साहेबांनी घड्याळाकडे पाहिले.

"मुद्दा सिद्ध झाला," ते म्हणाले. "मास्तरांचा दोष नाही. दोष डाव्या हाताचा आहे."

अर्ध्या तासात निर्णय झाला. मास्तरांची कला वादातीत असल्याने त्यांना कायम करण्यात यावे. मात्र त्यांनी हमीपत्र द्यावे, की यापुढे ते केवळ उजव्या हाताने काम करतील आणि डावा हात सर्व प्रसंगी मुका ठेवतील. सल्लागार बाईंनी मसुदा वाचून दाखवला. "प्रयोगाच्या वेळी, तसेच कचेरीच्या आवारात, कोणत्याही वस्तूच्या साहाय्याने वा अन्यथा, डाव्या हाताकरवी बोलणार नाही."

"आवारात म्हणजे क्वार्टर्सही आली," कला सल्लागारांनी स्पष्ट केले. "भिंती पातळ आहेत तिथल्या. माझ्या पलीकडेच राहाल तुम्ही."

बाहेर बाकावर मास्तरीणबाईंनी फक्त "कायम" एवढाच शब्द मनात धरला होता, पुढचे सगळे कानावरून गेले होते. त्यांना खिडकी दिसू लागली होती. पडदा कसला लावायचा, की लावायचाच नाही, इथपर्यंत त्या पोहोचल्या होत्या.

"हात दोन्ही टेबलावर ठेवा, रिकामे," मोठे साहेब म्हणाले. "आणि तोंडानं सांगा, मान्य आहे. तेवढं नोंदवलं, की झालं."

मास्तरांनी हात टेबलावर ठेवले. त्यांना एवढेच करायचे होते. "हं" म्हटले असते तरी कोणी "मान्य" असे लिहून घेतले असते. सव्वीस वर्षे त्यांच्या "हं"चा अर्थ लोक आपापल्या सोयीने लावत आले होते. चोराशिवायचे प्रयोग त्यांनी डोळ्यांपुढे आणले: उजव्या हातावर एकटे साहेब, पंधरा मिनिटे भाषण, समोर पेंगणारी पोरे. तेही त्यांनी सोसले असते. जन्मभर सोसत आले होते. पण मग त्यांच्या डोळ्यांपुढे ते स्वयंपाकघर आले. खिडकीतून उजेड आला आहे, बायको वळून विचारते आहे, "खरं सांगा, मी म्हातारी दिसायला लागले का हो?" आणि मोजा उजव्या हातावर आहे. उजवा हात म्हणतो, छे, छे, अगदी तश्शीच आहेस. बायको खिडकीकडे तोंड फिरवते. उजव्या हाताच्या बोलण्याची किंमत तिला लग्नाच्या नवव्या दिवसापासून माहीत आहे. मास्तरांना ते चित्र सहन झाले नाही. खिडकी गेली तर ती रागावेल, याची त्यांना भीती वाटत होतीच. पण ती पुन्हा काही विचारणारच नाही, याची त्याहून जास्त वाटली.

"नको," खोलीत कोणीतरी म्हणाले.

आवाज बारीक होता, थोडा चिरका, तेल नसलेल्या बिजागरीसारखा. तो भारदस्त नव्हता आणि बुळबुळीतही नव्हता. मोठ्या साहेबांनी दाराकडे पाहिले. सल्लागार बाईंनी मास्तरांच्या हातांकडे पाहिले. दोन्ही पालथे, रिकामे टेबलावर होते. कला सल्लागार वाकून टेबलाखाली बघून आले.

"मला नको ही नोकरी," तो आवाज पुन्हा म्हणाला. या वेळी मास्तरांचे ओठ हललेले सगळ्यांनी पाहिले. सगळ्यांत जास्त दचकले ते स्वतः मास्तर.

समितीच्या इतिवृत्तात आजही नोंद आहे, की उमेदवाराच्या वतीने नकार मिळाला, तथापि तो कोणत्या हाताने दिला हे निश्चित होऊ शकले नाही. पुढे त्या जागेवर मोठ्या साहेबांच्या साडूचा मुलगा लागला. तो ध्वनिमुद्रित भाषण लावून त्यापुढे साहेबांची बाहुली धरून उभा राहतो. तक्रार एकही नाही.

मास्तर बाहेर आले. मास्तरीणबाई बाकावरून उठल्या होत्या.

"अहो, आत कोण बोललं?" त्यांनी विचारले.

मास्तरांनी सवयीने हातांकडे पाहिले. मोजा नव्हता, पाकीट नव्हते, काहीच नव्हते. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे धरले.

"मीच," ते म्हणाले.

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. लग्नाला इतकी वर्षे झाली होती आणि हा आवाज त्या पहिल्यांदा नीट ऐकत होत्या. मग त्यांना आवाजाखालचा अर्थ उमगला आणि त्या बाकावर बसल्या.

"म्हणजे खिडकी गेली."

"गेली." मास्तरांचा घसा दुखत होता. "घरातसुद्धा डावा हात मुका ठेवायचा म्हणत होते. मग तू विचारलंस तर तुला खरं कोण सांगणार?"

व्हरांड्यातून समोर सायकलींचा तळ दिसत होता. तो मास्तरीणबाईंनी नीट बघून घेतला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. त्यांना रडू येत होते आणि त्यांनी ते येऊ दिले. मग डोळे पुसून त्या उठल्या आणि पायऱ्या उतरू लागल्या. मास्तर मागोमाग निघाले.

"एक सांगून ठेवते," मागे न बघता बाई म्हणाल्या. "जन्मभर भिंतीकडे तोंड करून स्वयंपाक करायचा, तर पाठीमागून कोणीतरी बोलत असायला हवं. रोज. आणि मोजा नाही चालायचा."

"हं," मास्तर म्हणाले.

बाई पायरीवर थांबल्या.

मास्तरांनी हात कुठे ठेवावेत ते न सुचून खिशात घातले आणि त्या चिरक्या आवाजात म्हणाले, "भिंतीवरच्या त्या घोड्याला आता शेपूट यायला लागलंय. तू बघितलंस का?"